शाळा बंदच्या दिवशी शामलाताई

शाळेला अचानक सुट्टी जाहीर झाली की आम्ही बाकीचे शिक्षक पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचो. शामलाताई परुळेकर त्या दिवशी रोजच्यापेक्षा लवकर उठायच्या. कुवेतमधल्या फरवानिया भागातल्या आमच्या इमारतीत त्यांचं घर बरोबर माझ्या घराच्या वर होतं, म्हणून मला ते ऐकू यायचं. आधी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज, मग त्यांच्या यजमानांचं, विश्वासभाऊजींचं खोकणं, मग जिन्यावरून उतरणारी दोघांची पावलं.

कुवेतच्या उन्हाळ्याबद्दल इथे भारतात सगळे विचारतात. तिथल्या हिवाळ्याबद्दल कोणी विचारत नाही. एरवी पाऊस नसलेल्या त्या गावात नोव्हेंबरनंतर कधीतरी असा पाऊस येतो की वाळूने भरलेल्या गटारांना तो गिळता येत नाही. तासाभरात रस्त्यांची तळी होतात. पाऊस ओसरला की वायव्येकडून वारा सुटतो. त्याला अडवायला मध्ये झाड नाही की डोंगर नाही. घरं सगळी उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली, त्यामुळे खिडक्यांच्या फटींतून तो वारा थेट अंथरुणात शिरतो. अशा वेळी संध्याकाळी टीव्हीवर अरबीतून सूचना यायची की उद्या शाळा बंद. मग आमच्या भारतीय शाळेचे मुख्याध्यापक शिक्षकांना फोन करायचे, आणि प्रत्येक वर्गशिक्षिका आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरी.

फोन झाले की आपलं काम झालं असं आम्ही समजायचो. शामलाताईंनी सत्त्याण्णव सालच्या पावसापासून तसं समजायचं सोडून दिलं होतं. त्या सकाळी भाऊजींबरोबर कुठेसं जाताना त्यांना आपल्या तिसरीच्या वर्गातली दोन जुळी भावंडं गुडघाभर पाण्यात स्कूलबसची वाट बघत उभी दिसली. त्या घरी फोन तर केलेला होता. पण तिथे बहुतेक घरांत एक कुटुंब फ्लॅट भाड्याने घेतं आणि त्यातली एक खोली दुसऱ्या कुटुंबाला देतं. त्याला सगळे शेअरिंग म्हणतात. फोन असतो मूळ भाडेकरूच्या हॉलमध्ये. त्या आठवड्यात दोन्ही बायकांचं ओट्यावरून वाजलं होतं, बोलणं बंद होतं. निरोप हॉलमध्येच राहिला.

तेव्हापासून शाळा बंद झाली की त्या भाऊजींच्या जुन्या गाडीतून आपल्या वर्गाच्या सगळ्या बसथांब्यांवरून एक फेरी मारायच्या. बहुतेक वेळा कोणी नसायचं. स्टाफरूममध्ये या फेरीला 'परुळेकर ट्रान्सपोर्ट' असं नाव पडलं होतं. भाऊजी एअर कंडिशनर दुरुस्त करायच्या कंपनीत होते आणि हिवाळा हाच त्यांच्या विश्रांतीचा काळ. ते स्टिअरिंगवर बसून म्हणायचे, "बाकीच्यांका सुट्टी, माका ओव्हरटाइम."  ताईंच्या मांडीवरच्या पिशवीत एक टॉवेल आणि थर्मास असायचा, ती नीट धरून त्या बसायच्या.

दिसायला त्या अगदी साध्या. करड्या रंगाचा एकच स्वेटर, त्याच्या बाहीत खोचलेला रुमाल. वर्गात त्या कधी ओरडल्याचं मला आठवत नाही. हजेरी घेताना नाव पुकारलं की त्या मान वर करून त्या मुलाकडे बघायच्या, आणि मगच पुढच्या नावाकडे जायच्या. त्यामुळे त्यांची हजेरी आमच्यापेक्षा लांबायची. कोणाचे डोळे सुजलेत, कोणी कालचाच शर्ट घातलाय, हे त्यांना तिथेच कळायचं.

दोन हजार दोन-तीनच्या सुमारास त्यांच्या वर्गात तेजस्वी नावाची मुलगी आली. आई मालन, उदगीरकडची, एका सरकारी इस्पितळात नर्स. वडील तुकाराम दक्षिणेकडे तेलविहिरींच्या भागात एका ठेकेदाराकडे होते, ते आठवड्यातून एकदा घरी यायचे. मायलेकी जलीब नावाच्या दाट वस्तीत नूरुद्दीन आणि सफिया या हैदराबादी जोडप्याच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत राहायच्या. मालनची ड्यूटी पहाटेची. निघताना ती तेजस्वीला तयार करून खाली घेऊन यायची, इमारतीच्या रखवालदाराच्या, तिथल्या भाषेत हारिसच्या, खोलीबाहेरच्या बाकावर बसवायची आणि इस्पितळाच्या बसने जायची. शाळेची बस नंतर यायची. मुलगी दुपारी परत येईपर्यंत आई घरी पोचलेली असायची. शाळा चालू असेल तोवर हे सगळं सुरळीत चालायचं.

त्या वर्षी नोव्हेंबरात पाऊस झाला आणि शाळा बंद झाली. माझा शिधा आदल्या दिवशी संपला होता आणि भाऊजी वाटेत मला बकाल्यावर, म्हणजे किराणा दुकानावर सोडणार होते, म्हणून मीही त्या फेरीला गाडीत होते. जलीबच्या रस्त्यावर गटाराचं पाणी वर आलं होतं. भाऊजी पुटपुटले, "गाडी असा की होडी, कळना नाय." आणि वळणावर तेजस्वी उभी दिसली. निळा स्वेटर, पाठीवर दप्तर, डोक्यावर भाजीची प्लास्टिकची पिशवी.

ताईंनी तिला गाडीत घेतलं, टॉवेलने तिचे पाय पुसले. बूट ओले होऊन जड झाले होते.

"काल फोन तूच उचललास ना? मी काय सांगितलं होतं?"

"आय फरगॉट, टीचर."

"मम्मीला सांगायचं विसरलीस?"

"येस, टीचर."

ताईंनी तिच्या डोक्यावरची पिशवी काढली. तिला घरी आणलं, कोरडे कपडे दिले, गरम आंबोळ्या वाढल्या. भाऊजींनी तिला विचारलं की तुमच्या टीचर वर्गात जास्त ओरडतात की घरात. ती पहिल्यांदा हसली. तिसरी आंबोळी खाताना ती आपणहून, मराठीत म्हणाली, "सांगितलं असतं तर मम्मीने खोलीत ठेवून कुलूप लावलं असतं."

"मग बाहेर थंडीत उभी राहिलीस?"

"बाहेर गाड्या दिसतात. खोलीत काहीच नसतं. बाथरूमला जायचं असेल तर मम्मी बादली ठेवते."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. भाऊजी आपलं ताट उचलून आत गेले.

ताईंनी सफियाकडे फोनवर निरोप ठेवला होता, तो मिळताच दुपारी मालन धावतपळत मुलीला न्यायला आली. उंच, सडपातळ बाई, डोळ्यांखाली काळं. ताईंनी मला थांबवून घेतलं. त्यांना ते बोलणं एकटीने करायचं नव्हतं.

मालन म्हणाली, "कुलूप लावते, हे खरं आहे बाई. काय करू? सफियाभाभी चांगली आहे, नूरुद्दीनभाईपण वाईट नाहीत. पण ते टॅक्सी चालवतात, त्यांच्याकडं दिवसभर ड्रायव्हर लोक येतात, गावाकडची माणसं उतरतात. कोण कसं, मला काय माहीत? पोरगी आहे माझी."

"रजा नाही मिळत?"

"पावसाची? आमच्या सिस्टर हसतील. पेशंट काय पाऊस बघून बरे होतात का?"

"मग आमच्याकडे ठेव. शाळा बंद असेल त्या दिवशी मी फोन करीन, हे येऊन तिला घेऊन जातील."

"नको बाई. एकदा झालं ते झालं. तुम्हाला कशाला तरास."

"त्रास मला नाही. मी घरीच असते."

बरंच मागेपुढे होऊन मालन तयार झाली. जाताना तिने जिन्यात वळून विचारलं, "डबा देत जाऊ ना तिचा?" ताई म्हणाल्या, "दे, मलाही तुझ्या हातचं खायला मिळेल." मालनला ते बरं वाटलं असावं.

त्याच आठवड्यात ताई मुख्याध्यापकांकडे गेल्या. शाळा बंद असली तरी एक खोली उघडी ठेवावी, ज्यांच्या घरी कोणी नाही अशी मुलं तिथे बसतील, आपण बसू त्यांच्याबरोबर, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं की बंदचा हुकूम सरकारचा आहे, त्या दिवशी शाळेच्या आवारात मूल सापडलं तर परवाना जाईल.

"आणि घरी काही झालं तर?" ताईंनी विचारलं.

"मिसेस परुळेकर, घरचं घर बघेल."

शाळेतून परत येताना बसमध्ये ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "समिधा, शाळा बंद करतात ते मुलं रस्त्यावर नकोत म्हणून. बरोबरच आहे ते. पण मुलं घरी सुखरूप आहेत हे त्यांनी गृहीत कसं धरलं? माझ्या वर्गात निम्म्यांच्या घरी सकाळी कोणी मोठं माणूस नसतं. सुट्टी म्हटली की मला आधी तीच घरं दिसतात." त्यांच्याकडून शाळेविरुद्ध मी ऐकलेलं एवढंच.

जानेवारीत थंडी आली. आधी पाऊस, मागोमाग तो वारा. सकाळी गाड्यांच्या काचांवर पांढरा थर असायचा आणि बिचारे सफाई कामगार हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून झाडायचे. शाळा बंद झाली. पहिल्या दिवशी भाऊजी जलीबला जाऊन तेजस्वीला घेऊन आले. बरोबर डबा होता, त्यात शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे. दुपारी ती माझ्याकडे खाली येऊन टीव्ही बघत बसली. दुसऱ्या दिवशीही तसंच. डब्यात त्या दिवशी गुळाची पोळी होती, आमच्या तिघांना पुरेल एवढी. इतकी पोळी मालनने कधी केली असेल, असं माझ्या मनात आलं. ताई म्हणाल्या, "भिडस्त आहे गं ती. फुकट काही घेववत नाही तिला."

तिसऱ्या दिवशीही शाळा बंद राहणार असं जाहीर झालं. पहाटे ताईंनी फोन केला तेव्हा मालननेच उचलला. मी चहाला वर गेले होते, त्यामुळे इकडची बाजू मी ऐकली.

"हे निघतायत, तिला तयार ठेव."

मग थोडा वेळ ताई ऐकत राहिल्या.

"बदलून घेतलीस? दुपारची? मग संध्याकाळी?... तुकाराम येणार आहेत? बरं. नक्की ना?"

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "तिने ड्यूटी दुपारची करून घेतली आहे. तोवर ती घरी, मग नवरा येतोय." भाऊजींनी बूट काढले. थांब्यांवरची फेरी मात्र थोड्या वेळाने झाली, नेहमीसारखीच. जलीबच्या थांब्यावर कोणी नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. ताईंनी वर त्या खिडकीकडे एकदा पाहिलं. काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. तिथे त्या दिवसांत सगळ्यांच्याच खिडक्यांना असायचं.

पुढचं मला सफियाकडून कळलं, काही मालनकडून.

मालनची ड्यूटी बदललेली नव्हती. तुकारामही येणार नव्हता. त्या पहाटे सगळ्या इमारतीने हीटर लावल्यामुळे फ्यूज गेला होता आणि अर्धी इमारत अंधारात होती. खोली बर्फासारखी. सफियाने आपल्या बाल्कनीत कोळसे पेटवले होते, त्यातले थोडे तिने एका पातेल्यात मालनला दिले. मालन नर्स होती, बंद खोलीत जळत्या कोळशाचा वायू काय करतो हे तिला ठाऊक होतं. तिने पातेलं खिडकीपाशी ठेवलं, फटीवरचं वर्तमानपत्र फाडून खिडकी वीतभर उघडी केली आणि तेजस्वीला बजावलं की ही लावायची नाही. मग बाहेरून कुलूप घातलं आणि खाली हॉर्न वाजवणाऱ्या इस्पितळाच्या बसकडे धावली.

आठ वर्षांची मुलगी. उघड्या खिडकीतून तो वारा आत येत होता. तिने खिडकी लावली.

दुपार व्हायच्या आत सफिया तिच्यासाठी गरम खुबूस घेऊन दाराशी गेली. खुबूस म्हणजे तिथली रोटी. दाराखालून ती सरकवायची आणि दोन शब्द बोलायची, हे तिचं नेहमीचं. आतून आवाज आला नाही. तिने दार वाजवलं, नाव घेऊन हाका मारल्या. मग नूरुद्दीनला उठवलं. तो रात्रभर टॅक्सी चालवून झोपला होता. त्याने आणि त्याच्याकडे उतरलेल्या दोन ड्रायव्हरांनी मिळून कुलूप तोडलं. त्यातल्या एकाने तेजस्वीला खांद्यावर टाकून खाली नेलं, दुसऱ्याने गाडी काढली.

ती वाचली. काही दिवस इस्पितळात होती, तिच्या आईच्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर. शुद्धीवर आल्यावर तिने सगळ्यांना ओळखलं. डॉक्टरांनीही बरी होईल असं सांगितलं. पण काही आठवड्यांनी ती शाळेत परतली तेव्हा हजेरी घेताना शामलाताई तिच्या नावाशी थांबल्या त्या थांबल्याच. तेजस्वी त्यांच्याकडे बघत होती, पण आपलं नाव पुकारलंय हे तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता. हात थरथरायचा. आधी सरसर वाचणारी मुलगी ओळीच्या मध्येच थांबायची आणि कुठे होतो ते शोधत राहायची. मधल्या सुट्टीत डबा उघडून समोर धरून बसायची. ताई रोज तिला शाळेनंतर थोडा वेळ घेऊन बसायच्या, जुनी दुसरीची पुस्तकं काढून. मार्चपर्यंत त्यांनी ते केलं. मला एक दिवस म्हणाल्या, "काल आलेलं आज पुन्हा नवीन असतं तिला. पण रागावत नाही गं ती स्वतःवर. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं."

मार्चअखेर मालन शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. मुलीला ती आपल्या आईकडे उदगीरला पाठवणार होती. ऑफिसात कागद तयार होईपर्यंत ती आमच्या स्टाफरूममध्ये बसली.  ताईंनी तिच्यापुढे चहा ठेवला, तो तिने घेतला नाही.

कप बाजूला सारून ती म्हणाली, "मी खोटं बोलले तुमच्याशी."

"कळलं मला."

"तिसरा दिवस होता. दोन दिवस तुमच्याकडं खाऊनपिऊन आली, तुमच्या यजमानांनी दोनदा पेट्रोल जाळलं. तिसऱ्या दिवशी कसं पाठवू? घरात देण्यासारखं काही उरलं नव्हतं हो. पीठसुद्धा नव्हतं." ती टेबलाकडे बघत होती. "मला वाटलं, एक दिवस तर आहे."

ताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. मालनने तो काढला नाही, पण धरलाही नाही.

"तुम्ही मला विचारायला नको होतं, बाई," ती म्हणाली. "नुसतं येऊन घेऊन गेला असतात तर मी काय नाही म्हणणार होते?"

एवढं बोलून ती उठली आणि दाखला घेऊन गेली. आमच्यातली एक शिक्षिका म्हणाली, "म्हणजे आता चूक तुमची का?" शामलाताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "तिचं बरोबर आहे."

त्यानंतर मी आणखी पाच वर्षं कुवेतमध्ये होते. मालन तिथेच राहिली, इस्पितळाजवळच्या नर्सेसच्या हॉस्टेलवर. मुलगी उदगीरला होती आणि तिच्या औषधांसाठी आईची नोकरी आधीपेक्षा जास्त गरजेची झाली होती. ईदला सफियाकडे कधी भेट व्हायची. तेजस्वी कशी आहे विचारलं की म्हणायची, "शांत आहे." याहून जास्त तिने कधी सांगितलं नाही.

शामलाताई बदलल्या त्या एकाच बाबतीत. शाळा बंद झाली की त्या फोन करायच्या, पण फक्त शाळा बंद आहे हे सांगायला. मूल घेऊन येऊ का, असं विचारणं त्यांनी सोडलं. शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीच्या दिवसांतच वर्गातल्या कुठल्या मुलाच्या घरी सकाळी कोण असतं हे त्या मुलांशी गप्पा मारता मारता काढून घ्यायच्या, आणि अशा दिवशी बसथांब्यावर न थांबता थेट दाराशी जायच्या. भाऊजींना गुडघ्याचा त्रास सुरू झाला तेव्हा जिने चढायला मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले.

एका डिसेंबरातली सकाळ मला आठवते. पाऊस लागला होता. चौथ्या मजल्यावरच्या एका दारातून एका तरुण आईने डोकं बाहेर काढलं. सोनल नाव तिचं, नाशिकची, एका क्लिनिकमध्ये रक्त तपासायचं काम करायची. तिचा मुलगा मागे पायजम्यात उभा होता.

"अहो टीचर, एवढ्या पावसात कशाला आलात? मी आज घरीच आहे. खरंच."

"हो का? बरं झालं," ताई म्हणाल्या. "मग आम्ही जरा टेकतो. जिना चढून दम लागला. चहा कर थोडा."

सोनलने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. तिने आम्हाला आत घेतलं आणि चहा ठेवायला गेली. घरातली चप्पल नव्हती तिच्या पायांत, बाहेरचे बंद बूट होते. ताईंनी ते पाहिलं असणार, पण त्या मुलाशी बोलत राहिल्या, त्याच्या दाताविषयी, तो हलतोय का, किती हलतोय.

चहा उकळायच्या आधीच खाली एका गाडीचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. सोनल ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने गॅस बंद केला नाही की खिडकीकडे गेली नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिचे खांदे हलले.

"मी दुपारी येते न्यायला," ती पाठमोरीच म्हणाली. "पण टीचर, दर वेळेला असं..."

"पर्स घे तुझी. गाडी थांबायची नाही," शामलाताई म्हणाल्या, आणि खाली वाकून त्या मुलाच्या पायांत मोजे घालू लागल्या.